अब्राहम लिंकन : युद्धातही मतपेटीला सामोरे गेलेले राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यात, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. ते नऊ वर्षांचे असताना आई वारली. शाळेतले सारे दिवस एकत्र मोजले तरी ते वर्षभराचे भरत नाहीत. मजुरी, दुकानदारी, टपालाचे काम, जमिनीची मोजणी असे मिळेल ते काम करीत त्यांनी स्वबळावर कायद्याचा अभ्यास केला आणि इलिनॉय राज्यात वकील म्हणून नाव मिळवले.

१८५८ मधील सिनेटची लढत ते हरले. मात्र त्या निमित्ताने झालेल्या सात जाहीर वादविवादांनी ते देशभर परिचित झाले. नोव्हेंबर १८६० मध्ये ते अध्यक्षपदी निवडून आले. नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा विस्तार होऊ न देण्याची त्यांची भूमिका दक्षिणेला मान्य नव्हती. ४ मार्च १८६१ रोजी त्यांनी शपथ घेण्यापूर्वीच सात राज्ये संघराज्यातून फुटली. १२ एप्रिलला फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि यादवी युद्धाला तोंड फुटले.

लिंकन गुलामगिरीला अन्याय मानत. तरी प्रारंभी संघराज्याचे रक्षण एवढाच युद्धाचा हेतू त्यांनी ठेवला. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली सीमावर्ती राज्ये हातची जाऊ नयेत, ही त्यांची चिंता होती. स्वतः गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखे नेते या संथपणावर कठोर टीका करीत होते, तर हजारो गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्या गाठत होते. अखेर १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर प्रदेशांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला. सीमावर्ती राज्ये त्यातून वगळलेली होती. पण त्याने कृष्णवर्णीयांना सैन्याची दारे उघडली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले.

या काळात लिंकन यांनी सत्ता सढळपणे वापरली. बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क त्यांनी स्थगित केला. अनेकांना विनाखटला तुरुंगात डांबण्यात आले. या निर्णयांवर आजही वाद होतात. तथापि एका गोष्टीला त्यांनी हात लावला नाही, ती म्हणजे निवडणूक.

१८६४ चा उन्हाळा त्यांच्यासाठी सर्वांत कसोटीचा होता. मृतांचे आकडे वाढत होते, विजय दिसत नव्हता आणि पराभव अटळ असल्याचे पक्षातील धुरीणच सांगत होते. मुक्तीची अट सोडून दक्षिणेशी तडजोड करावी, असा आग्रह वाढला. लिंकन यांनी ना ती अट सोडली, ना मतदान पुढे ढकलले. २३ ऑगस्टला त्यांनी एक टिपण लिहिले : आपण हरलो, तर सत्तांतर होण्यापूर्वी नव्या अध्यक्षांशी सहकार्य करून संघराज्य वाचवू. मंत्र्यांनी ते न वाचताच त्यावर सह्या केल्या. २ सप्टेंबरला अटलांटा पडले, वारे फिरले आणि नोव्हेंबरमध्ये लिंकन यांना २३३ पैकी २१२ प्रतिनिधी-मते मिळाली.

या कौलाच्या बळावर त्यांनी गुलामगिरी समूळ नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती ३१ जानेवारी १८६५ रोजी प्रतिनिधिगृहात संमत करून घेतली. ९ एप्रिलला दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली शरण आले. पाचच दिवसांनी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ याने लिंकन यांच्यावर गोळी झाडली. १५ एप्रिलच्या सकाळी त्यांची प्राणज्योत मालवली. ती घटनादुरुस्ती डिसेंबरमध्ये अमलात आली, तेव्हा ते हयात नव्हते.

या मुक्तीचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. खुद्द अमेरिकेत मात्र दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा मताधिकार पुढे हिरावला गेला आणि तो निर्वेधपणे बजावता यावा यासाठीचा प्रभावी कायदा होण्यास १९६५ साल उजाडावे लागले. ज्या मतपेटीचा मान लिंकन यांनी ऐन युद्धात राखला, तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मुक्त झालेल्यांच्या वंशजांना आणखी शंभर वर्षे झगडावे लागले.