नाव एकाचे, साथ दुसऱ्याची

मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने घाटकोपर सोडले की पुढचे स्थानक विक्रोळीचे. तेथे पूर्वेला उतरले की गोदरेजचे कारखाने, कामगारांची वसाहत, शाळा, रुग्णालय आणि त्यापलीकडे ठाण्याच्या खाडीलगतची खारफुटी असा मोठा परिसर लागतो. या नगराला पिरोजशांचे नाव आहे. मूळ कंपनीचे नाव मात्र 'गोदरेज अँड बॉइस'. ज्या पिरोजशांनी हा पसारा उभा केला त्यांचे नाव कंपनीच्या पाटीवर नाही, आणि ज्यांचे आहे त्या बॉइस यांचा उद्योगाशी संबंध जेमतेम काही काळच होता. या विसंगतीमागे आर्देशीर बरजोरजी गोदरेज या उद्योजकाने भागीदारासाठी घेतलेला शोध आहे.

आर्देशीर यांचा जन्म १८६८ साली मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. घरचा व्यवसाय जमीनजुमल्याचा. पण थोरल्या मुलाचा ओढा कायद्याकडे होता. तारुण्यातच त्यांच्यावर मोठा आघात झाला. लग्नाला फार काळ लोटला नव्हता, तोच १८९१ मध्ये पत्नी बच्चूबाई यांचा राजाबाई टॉवरवरून पडून मृत्यू झाला. आर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही. पुढे १८९४ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी ते झांझिबारला गेले. तेथे अशिलाच्या बाजूने जे मांडायचे होते त्याच्या खरेपणाची त्यांना खात्री पटेना. जे आपल्याला पटत नाही ते न्यायालयात बोलण्यास त्यांनी नकार दिला आणि वकिली कायमची सोडून ते मुंबईला परतले.

आता पुढे काय, हा प्रश्न होता. एका औषधविक्रेत्याकडे साहाय्यकाची नोकरी करीत असताना त्यांना शस्त्रक्रियेची उपकरणे बनविण्याची कल्पना सुचली. भांडवलासाठी त्यांनी वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून ३००० रुपये कर्जाऊ घेतले. उपकरणे तयार झाली. पण ती हिंदुस्थानात बनली आहेत असा शिक्का त्यांवर असावा, हा आर्देशीर यांचा आग्रह, तर अशा शिक्क्याने माल खपणार नाही, ही विक्रेत्याची भूमिका. दोघेही मागे हटले नाहीत आणि धंदा बसला. डोक्यावर मात्र कर्ज राहिले.

पहिल्याच अपयशाने खचून जावे असा हा प्रसंग होता. तथापि, मुंबईत वाढलेल्या घरफोड्यांची बातमी वर्तमानपत्रात वाचून आर्देशीर यांच्या मनाने कुलपांचा ध्यास घेतला. ते पुन्हा कामाशेटजींकडे गेले. पहिले पैसे बुडाले असतानाही शेटजींनी दुसऱ्यांदा हात दिला. ७ मे १८९७ रोजी लालबागेत, गॅस कंपनीच्या शेजारी, भाड्याच्या अवघ्या २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये मोजक्या कारागिरांसह काम सुरू झाले. त्या काळच्या कुलपांचे यंत्र स्प्रिंगच्या आधारे चाले आणि स्प्रिंग निकामी झाली की कुलूपही निकामी होई. आर्देशीर यांनी स्प्रिंगविना चालणारे कुलूप तयार केले. १९०२ पासून ते तिजोऱ्याही बनवू लागले.

कर्ज देणारा हितचिंतक आणि खांद्याला खांदा लावणारा भागीदार यांत मोठे अंतर असते. कामा यांच्या नात्यातील बॉइस नावाच्या तरुणाला आर्देशीर यांनी भागीदार म्हणून घेतले. हितचिंतकाचे ऋण मनात असताना असा भागीदार स्वीकारणे स्वाभाविकच होते. परंतु बॉइस यांचे मन त्या कामात रमले नाही आणि लवकरच ते बाजूला झाले. त्यांचे नाव मात्र कंपनीतून पुसले गेले नाही. ते आजतागायत कायम आहे.

खरा सहकारी घरातच होता. १८८२ साली जन्मलेले धाकटे बंधू पिरोजशा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कारखान्यात आले. दोघांच्या वयात १४ वर्षांचे अंतर होते आणि स्वभावातही फरक होता. आर्देशीर संशोधक वृत्तीचे. एक वस्तू सिद्ध झाली की त्यांचे लक्ष दुसरीकडे वळे. पिरोजशा हे घडी बसविणारे. कारखाना, कामगार आणि विक्री यांची बांधणी करणारे. मालाच्या दर्जाविषयी मात्र दोघांचे एकमत होते. स्वदेशीच्या नावाखाली हलका माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे आर्देशीर यांना मुळीच मान्य नव्हते. साबणात सर्रास प्राण्यांची चरबी वापरली जात असताना त्यांनी वनस्पती तेलापासून साबण बनविण्याचा प्रयोग यशस्वी केला, तो १९२० च्या सुमारास. नवे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांना मिळाली, कारण मागचे सांभाळणारा भाऊ पाठीशी होता.

या विश्वासाची कसोटी १९२८ मध्ये लागली. स्वतः शून्यातून उभारलेला उद्योग आर्देशीर यांनी पिरोजशांच्या हवाली केला आणि साठीच्या उंबरठ्यावर ते शेती करण्यासाठी नाशिकला निघून गेले. आयुष्यभराचे काम असे दुसऱ्याच्या हाती सोपविणे कोणालाही सोपे नसते. १९३६ साली त्यांचे निधन झाले. विक्रोळीचा पसारा त्यांनी पाहिला नाही.

तो उभा केला पिरोजशांनी. १९४३ पासून त्यांनी विक्रोळीत जमीन घेण्यास सुरुवात केली आणि लालबागेच्या दाटीतून उद्योगाला उपनगरात मोकळी जागा मिळाली. १९४४ च्या मुंबई गोदीतील भीषण स्फोटात गोदरेजच्या तिजोऱ्यांनी आतला ऐवज शाबूत राखला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या विक्रोळीच्याच कारखान्यात तयार झाल्या. पिरोजशा १९७२ साली निवर्तले.

व्यवसायात पाऊल टाकणारा तरुण बहुधा प्रथम भांडवल देणारा शोधतो आणि त्यालाच भागीदार समजून बसतो. आर्देशीर यांना भांडवल कामाशेटजींकडून मिळाले, भागीदाराचे नाव बॉइस यांच्याकडून मिळाले, पण साथ मिळाली ती पिरोजशांची. दोन्ही भावांचे स्वभाव जुळले नसते तरी चालले असते; काय विकायचे नाही यावर त्यांचे एकमत होते, हे महत्त्वाचे ठरले. लालबागच्या त्या शेडमधून विक्रोळीपर्यंत उद्योग पोहोचला तो याच एकमतावर.