मेहरबाबा नावाचा वैमानिक

मेहरबाबा म्हटले की मराठी माणसास नगरजवळचे मेहेराबाद आठवते. भारतीय वायुसेनेत मात्र हे नाव एअर कमोडोर मेहरसिंग यांचे आहे.

१९१५ साली लायलपूर जिल्ह्यात जन्मलेले मेहरसिंग इंग्लंडात क्रॅनवेल येथे शिकले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सहाव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व करून त्यांनी डी. एस. ओ. हा सन्मान मिळविला. दुसऱ्या महायुद्धात तो लाभलेले आपल्या वायुसेनेचे ते एकमेव अधिकारी होत.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी बाराव्या स्क्वाड्रनच्या डकोटा विमानांनी दिल्लीहून श्रीनगरास पहिले सैनिक नेले. युद्धसामग्रीबरोबर धान्य, औषधे, जखमी सैनिक असे सारेच ही विमाने वाहत. काश्मीरमधील हवाई मोहिमेची धुरा मेहरसिंगांकडे आली, तेव्हा पूंछ शहर वेढ्यात सापडले होते आणि आत हजारो निर्वासित होते. सैनिक व नागरिकांनी मिळून तेथे आखूड धावपट्टी केली. डिसेंबर १९४७ मध्ये तीवर पहिली डकोटा मेहरसिंगांनी स्वतः उतरविली. पुढे शत्रूच्या तोफा धावपट्टीवर आग ओकू लागल्या, तेव्हा तेलाच्या दिव्यांच्या उजेडात रात्रीची उड्डाणे झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये वेढा उठेपर्यंत पूंछ तगले ते या वाहतुकीवर.

लेहची कसोटी याहून कठीण. अभियंता सोनम नोर्बू यांनी सिंधूच्या काठी, दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर धावपट्टी आखली होती. त्या मार्गाचे भरवशाचे नकाशे नव्हते, विमानात पंखांवरील बर्फ झाडणारी यंत्रणा नव्हती. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन हिमशिखरांवरून तेथे उतरले. मग इतर वैमानिकांना ती वाट रुळली आणि लेह वाचले.

महावीरचक्र मिळविणारे ते वायुसेनेतील पहिले अधिकारी. १९४८ मध्येच त्यांनी सेवा सोडली. मार्च १९५२ मध्ये जम्मूहून दिल्लीस परतताना वादळी रात्री विमान कोसळून त्यांचा अंत झाला. वयाची सदतीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

सरकारी सेवेत आम्ही पुष्कळ आदेश काढले. ते पाळणाऱ्याची वाट कशी आहे, हे पाहावयास मात्र क्वचितच गेलो. मेहरसिंगांनी अवघड वाटेवर आधी स्वतः जाऊन मग दुसऱ्यास पाठविले. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या परक्या गावी आपल्याआधी येऊन आपल्यासाठी दार उघडणाऱ्या वडीलधाऱ्यांचे स्मरण करताना, आम्हांस या वैमानिकाचीही आठवण झाली.