पोप ग्रेगोरी पहिला

पोप ग्रेगोरी पहिला (अंदाजे इ.स. ५४० – १२ मार्च, इ.स. ६०४) हे इ.स. ५९० पासून मृत्यूपर्यंत रोमचे बिशप, म्हणजेच पोप होते. ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ ही पदवी पोपपदाशी कायमची जोडली गेली ती त्यांच्यामुळे.

पदनामाचा उगम

‘पोप’ हा शब्द ‘पाप्पास’ या ग्रीक शब्दापासून लॅटिनमधील ‘पापा’ या रूपातून आला. मुलांनी वडिलांना मारावयाची ही हाक होय. आरंभीच्या शतकांत रोमबाहेरील बिशपांनाही आदराने असेच संबोधत. पश्चिम युरोपात पुढे हे नाव केवळ रोमच्या बिशपासाठी राखीव झाले. अलेक्झांड्रियाचे धर्मप्रमुख मात्र आजही ते धारण करतात.

जीवन

ग्रेगोरी यांचा जन्म रोममधील एका धनाढ्य उमराव घराण्यात झाला. तरुण वयात ते रोमचे नगरप्रमुख झाले. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांनी अधिकारपद सोडले, सेलियन टेकडीवरील वाड्याचे मठात रूपांतर केले आणि स्वतः तेथे संन्यस्त जीवन स्वीकारले. पोप पेलाजियस दुसरे यांनी त्यांना डीकन नेमून कॉन्स्टँटिनोपलला आपला प्रतिनिधी म्हणून पाठवले. इ.स. ५९० मध्ये पेलाजियस प्लेगने मरण पावल्यावर, इच्छा नसतानाही ग्रेगोरी यांना हे पद स्वीकारावे लागले. प्लेग, उपासमार आणि लोंबार्डांची आक्रमणे यांनी रोम त्या वेळी जर्जर झाले होते. चर्चच्या जमिनींच्या उत्पन्नातून त्यांनी गरिबांना धान्य पुरवले आणि लोंबार्डांशी वाटाघाटी केल्या. त्यांनी पाठवलेले ऑगस्टीन इ.स. ५९७ मध्ये इंग्लंडमधील केंट येथे पोहोचले.

पदवीचा वाद

कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख जॉन चौथे ‘वैश्विक पेट्रिआर्क’ ही पदवी वापरत. इ.स. ५९५ मध्ये ग्रेगोरी यांनी सम्राट मॉरिस यांच्याकडे त्यास हरकत घेतली. एकाच बिशपाने वैश्विक म्हणवून घेतल्यास इतर बिशपांच्या अधिकाराला बाध येतो, असे त्यांचे म्हणणे होते. सम्राटाने त्यांची बाजू घेतली नाही. मात्र पुढे अलेक्झांड्रियाच्या युलोजियस यांनी ग्रेगोरी यांनाच ‘वैश्विक पोप’ म्हटले, तेव्हा तो मानही त्यांनी नाकारला. बिशपपद ही सत्ता नसून लोकांची काळजी वाहण्याची जबाबदारी आहे, हा विचार त्यांनी बिशपांसाठी लिहिलेल्या ‘रेगुला पास्तोरालिस’ या ग्रंथातही मांडला आहे.

वारसा

कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मप्रमुखांनी आपली पदवी सोडली नाही. ती आजही प्रचलित आहे. ग्रेगोरी यांनी रूढ केलेली सेवकाची पदवीही पोपच्या अधिकृत पदव्यांमध्ये टिकून आहे. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स हे दोन्ही पंथ त्यांना संत मानतात.