राघोबादादांचा हट्ट

आमच्या इन्सुलीत काका-पुतण्यांची जमिनीवरून जुंपली, की मला राघोबादादा पेशवे आठवतात.

१७३४ साली जन्मलेले हे बाजीरावांचे चिरंजीव. मोठे लढवय्ये! १७५८ मध्ये मराठी फौज त्यांच्याच नेतृत्वाखाली लाहोरात शिरली, अटकेपर्यंत पोचली. पण १७६१ मध्ये थोरले बंधू नानासाहेब वारले आणि पेशवाई मिळाली सोळा वर्षांच्या माधवरावांना. झालं! आपण एवढं कमावलं, तेव्हा गादी आपलीच, हे दादांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. त्यासाठी ते निजामाला मिळाले, पुतण्याशी लढले, नजरकैदेत पडले. १७७३ मध्ये दुसऱ्या पुतण्याचा, नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दादांनाच दोषी ठरवलं. मग १७७५ मध्ये सुरतेला तह करून त्यांनी गादीसाठी साष्टी-वसई इंग्रजांना देऊ केली. १७८२ च्या सालबाईच्या तहात दादांच्या पदरात पडली फक्त पेन्शन! साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. पुढच्याच वर्षी ते कोपरगावला वारले.

मित्रांनो, पराक्रम खरा होता, पण त्याची किंमत गादीनेच चुकवायची असं थोडंच असतं? डिग्री हातात आली म्हणजे नोकरी हक्काचीच, असं म्हणताना आपण दादांना जरूर आठवावं.