एका रात्रीची मासळी



स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक समुद्रात एरिस्के नावाचे एक लहानसे बेट आहे. लांबी सुमारे ४ किलोमीटर. झाडे नाहीत म्हटले तरी चालेल; खडक आणि वारा मात्र भरपूर. एकोणिसाव्या शतकात शेजारच्या साऊथ युइस्ट बेटावरील चांगल्या जमिनी जमीनदाराने मेंढ्यांसाठी मोकळ्या करून घेतल्या. तेथून हुसकावलेली कितीतरी कॅथलिक कुटुंबे या खडकावर येऊन राहिली. खडकांमधल्या थोड्याशा मातीवर समुद्राचे शेवाळ पसरून त्यांनी वाफे केले, त्यांत बटाटे आणि सातू पिकवले. शेवाळाच्या टोपल्या लहान चणीच्या घोड्यांवर लादून आणायच्या. बाकी सारा भरवसा समुद्रावर.

या लोकांचे धर्मगुरू होते फादर ॲलन मॅकडोनाल्ड. जन्म १८५९, फोर्ट विल्यम गावी. वडील खानावळ चालवत. ॲलन यांचे गुरुविद्यालयीन शिक्षण स्पेनमधील वायादोलिद येथे झाले आणि १८८२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८८४ साली ते साऊथ युइस्टवरील डालिबर्ग धर्मग्रामात आले. धर्मग्राम विस्तीर्ण, लोक गरीब. आजाऱ्यांना साक्रामेंत देण्यासाठी पावसापाण्यात मैलोन्‌मैल चालावे लागे. जमिनीच्या हक्कासाठी झगडणाऱ्या कुळांच्या बाजूने ते उभे राहिले. मुलांच्या शाळेसाठीही झटले. या श्रमांनी त्यांची प्रकृती ढासळली. १८९३ च्या सुमारास, थोडे हलके काम म्हणून, ते एरिस्केला राहायला आले ते कायमचेच.

संध्याकाळी चुलीपाशी बसून म्हाताऱ्या माणसांकडून ते गेलिक भाषेतील गोष्टी, म्हणी, प्रार्थना ऐकत आणि वहीत उतरवून घेत. निरक्षर माणसाजवळही ज्ञान असते, यावर त्यांची श्रद्धा होती. लोकांना आपल्या बोलीत देवाची स्तुती करता यावी म्हणून १८९३ मध्ये त्यांनी गेलिक भक्तिगीतांचा संग्रह छापला. त्यांनी टिपलेल्या शब्दांचा कोश १९५८ साली प्रसिद्ध झाला.

बेटाला नवे चर्च हवे होते, पण पैसा कुठून आणायचा? बेटावर आजही सांगतात की कोळ्यांनी एका रात्रीची सारी मासळी चर्चसाठी देण्याचे ठरवले आणि त्या रात्री जाळी अशी भरली की तेवढी पूर्वी कधी भरली नव्हती. बांधकामात गावकऱ्यांनी स्वतः अंगमेहनत केली. १९०३ मध्ये टेकडीवरच्या संत मायकल चर्चचा आशीर्वादविधी झाला. समुद्रावरून परतणाऱ्या होड्यांना ते दुरून दिसते.

दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, फादर ॲलन देवाघरी गेले. वयाची ४६ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एरिस्केच्याच मातीत त्यांना विसावा मिळाला. २००१ पासून त्या बेटाला शेजारच्या बेटाशी जोडणारा रस्ता आहे.

कोळ्याच्या घरी एक रात्र म्हणजे मुलांच्या तोंडचा घास. उरलेसुरले देणे सोपे असते. त्यांनी आपल्या कष्टाचा पहिला वाटा दिला. आपल्या आठवड्यातील कोणता वेळ, कोणते श्रम आपण धर्मग्रामासाठी असे राखून ठेवतो? या रविवारी घरी जेवायला बसाल तेव्हा मुलांसह यावर जरूर बोला.

प्रभूत आपला,
धर्मगुरू