समतेचे उपासक

नागपूर जिल्ह्यातील रामटेकच्या गडावर श्रीरामाचे मंदिर आहे. गडाच्या पायथ्याकडे शांतिनाथांचे जैन मंदिर आहे, तर जवळच्या एका टेकडीला बौद्ध आचार्य नागार्जुन यांचे नाव आहे. एवढ्याशा परिसरात किती धर्मांच्या खुणा! आपला सारा देशच असा आहे. मग अशा देशाच्या राज्यकारभाराने कोणत्या धर्माचा पक्ष घ्यावा? या प्रश्नाचा खोल विचार करणारे थोर पुरुष म्हणजे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर होत.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते. घरात भक्तीचे वातावरण होते. परंतु साताऱ्याच्या शाळेत या बुद्धिमान मुलाला इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतले, तरच ते प्यावयास मिळे. धर्माच्या नावाने माणसाला पाणीसुद्धा नाकारले जाते, हे त्या बालमनावर कायमचे कोरले गेले.

पुढे मुंबई, न्यूयॉर्क आणि लंडन येथे त्यांनी उच्च शिक्षण घेतले. विद्वत्तेच्या बळावर त्यांना सुखाने राहता आले असते. पण आपल्या बांधवांची तहान ते विसरले नाहीत. महाडचे चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने केला होता, तरी अस्पृश्यांना तेथे पाणी भरता येत नसे. २० मार्च १९२७ रोजी हजारो अनुयायांसह बाबासाहेब त्या तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर न्यायालयातील लढा चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

स्वतंत्र भारताच्या घटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. घटनेने अस्पृश्यता नष्ट केली. सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानाचे घाट वापरताना धर्म, जात वा लिंग यांवरून कोणालाही अडविता येणार नाही, असे त्या घटनेत स्पष्ट लिहिले आहे. प्रत्येकास आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य आहे. राज्याने मात्र सर्वांना समान लेखावे. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ साली आला. त्यामागील तत्त्व मात्र घटनेत आरंभापासूनच होते.

केवळ यंत्रे आली म्हणजे देश आधुनिक होतो, असे बाबासाहेबांना वाटत नसे. धरणे आणि वीज त्यांना हवीच होती. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी चालना दिली. परंतु घरातील मुलीला मुलाप्रमाणे हक्क मिळाले नाहीत, तर ती सुधारणा अपुरीच, असे ते मानीत. स्त्रियांना वारसाहक्क देणारे हिंदू संहिता विधेयक मागे पडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले.

बाबासाहेब धर्माचे वैरी नव्हते. माणसाला नीतीने जगण्यासाठी धर्म हवा. पण तो बुद्धीला पटणारा आणि समता शिकविणारा असावा, असे त्यांचे मत होते. १९३५ साली येवल्यात त्यांनी धर्मांतराचा निश्चय जाहीर केला. त्यानंतर एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास व चिंतन केले. अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धर्माचा स्वीकार केला. ती जागा आज दीक्षाभूमी म्हणून ओळखली जाते. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्ली येथे त्यांचे निधन झाले.

रामटेकचा गड चढून दमलेली मुले पाण्याच्या नळापाशी धावतात. त्या वेळी कोणाचा धर्म कोणता, जात कोणती, हे विचारण्याचा अधिकार आता कोणालाही नाही. एका तहानलेल्या मुलाने जन्मभर केलेल्या तपश्चर्येचा त्यात मोठा वाटा आहे.