अणूच्या आतला हिशोब मांडणारे नील्स बोर : फुटबॉलचे गोलकीपर ते नोबेल विजेते, वाचा सविस्तर

केडगाव (प्रतिनिधी) : आपली पोरं शाळेत विज्ञानाच्या पुस्तकातून दोन, आठ, एक असं घोकत असतात. अणूतले इलेक्ट्रॉन कोणत्या कवचात किती, त्याचा हा हिशोब. तो बसवण्यात सगळ्यात मोठा वाटा डेन्मार्कचे शास्त्रज्ञ नील्स बोर यांचा. 7 ऑक्टोबर ही त्यांची जयंती, त्यानिमित्त ही माहिती.

बोर यांचा जन्म 1885 सालचा, कोपनहेगन शहरातला. वडील विद्यापीठात प्राध्यापक, आई ज्यू घराण्यातली. नील्स आणि धाकटा भाऊ हॅराल्ड, दोघांनाही फुटबॉलचं वेड. नील्स गोलकीपर. हॅराल्डने तर 1908 च्या ऑलिम्पिकमध्ये देशाकडून खेळून रौप्यपदक मिळवलं.

1911 ला डॉक्टरेट घेऊन नील्स इंग्लंडला गेले. 1912 मध्ये मँचेस्टरला रुदरफोर्ड यांच्याकडे काम सुरू केलं. अणूचं जवळपास सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रकात असतं, हे रुदरफोर्ड यांनी नुकतंच दाखवलं होतं. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं तर इलेक्ट्रॉन शंभर मीटरच्या पुढं, पार बांधावर. मधे सगळं मोकळं रान.

पण इथंच घोडं अडलं होतं. जुन्या नियमाप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत जाणार आणि क्षणात केंद्रकावर आदळणार. तसं झालं असतं तर माती, पाणी, माणूस काहीच टिकलं नसतं.

1913 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, बोर यांनी तोड काढली. इलेक्ट्रॉनला ठराविक कक्षाच मोकळ्या आहेत, आणि त्या कक्षेत आहे तोवर त्याची ऊर्जा जात नाही, असं त्यांनी मांडलं. जिन्याच्या पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मधे नाही, तसंच हे. वरून खालच्या पायरीवर उडी मारली की प्रकाश बाहेर पडतो. हायड्रोजनच्या प्रकाशात ज्या ठराविक रंगांच्या रेषा दिसतात, त्यांचा हिशोब या विचाराने तंतोतंत जुळला.

शेवटच्या कवचात खरी गोम

नेप्तीच्या उपबाजारात कांदा नेणाऱ्याला पदरावर पदर म्हणजे काय हे सांगायला नको. अणूचंही थोडं तसंच, फक्त इथले पदर पोकळ. पहिल्या कवचात जास्तीत जास्त 2 इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात 8, तिसऱ्यात 18, चौथ्यात 32. मात्र सगळ्यात बाहेरच्या कवचात आठाच्या वर राहत नाहीत.

पदार्थ कसा वागणार हे मुख्यतः हे बाहेरचं कवच ठरवतं. सोडियमची मांडणी 2, 8, 1. पोटॅशियमची 2, 8, 8, 1. दोघांच्याही शेवटी एकच इलेक्ट्रॉन, तो देऊन टाकायला दोघंही तयार. क्लोरीन 2, 8, 7, म्हणजे त्याला एक कमी पडतो. सोडियमने दिला की झालं आपलं मीठ. पोटॅशियमने दिला की झालं म्युरेट ऑफ पोटॅश, जे आपण गोणीने आणून शेतात टाकतो. नातं एकच, फक्त देणारा वेगळा.

1922 पर्यंत बोर यांनी हा विचार सगळ्या मूलद्रव्यांना लावून पाहिला. 72 क्रमांकाचं मूलद्रव्य तेव्हा पक्कं सापडलेलं नव्हतं. ते झिर्कोनियमसारखं असणार, असं त्यांचं गणित सांगत होतं. त्यांच्याच संस्थेत कोस्टर आणि हेवेशी यांनी झिर्कोनियमच्या खनिजात शोध घेतला, आणि ते तिथंच सापडलं! ही खबर आली तेव्हा बोर नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेलेले होते. कोपनहेगनच्या जुन्या लॅटिन नावावरून त्या मूलद्रव्याचं नाव हाफ्नियम पडलं.

घरातलं दुःख आणि युद्ध

1934 मध्ये थोरला मुलगा ख्रिश्चन त्यांच्या डोळ्यांदेखत समुद्रात बुडाला. 1940 ला हिटलरच्या फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या. 1943 मध्ये अटक होणार असं कळताच बोर रातोरात मासेमारीच्या बोटीतून स्वीडनला पोचले. तिथं त्यांनी डेन्मार्कच्या ज्यू लोकांना आसरा मिळावा म्हणून खटपट केली. पुढं ते अमेरिकेत अणुबॉम्बच्या कामात सल्लागार होते. पण या शक्तीवरून देशादेशांत चढाओढ लागू नये, म्हणून ते चर्चिल आणि रूझवेल्ट यांना भेटले. चर्चिल यांनी ऐकलं नाही. 1950 मध्ये बोर यांनी संयुक्त राष्ट्रांना खुलं पत्र लिहिलं.

आपल्या मुंबईचे होमी भाभा तरुणपणी कोपनहेगनला बोर यांच्याकडे राहून आले होते. 1960 मध्ये बोर स्वतः भारतात आले. 18 नोव्हेंबर 1962 ला त्यांचं निधन झालं. 107 क्रमांकाच्या मूलद्रव्याला त्यांच्यावरून बोरियम नाव आहे.

इलेक्ट्रॉन गोल रिंगणात फिरतो हे चित्र 1925 नंतर बदललं, आता शास्त्रज्ञ ढगासारखं चित्र मांडतात. ते बदलणारे बरेच तरुण बोर यांच्याच संस्थेत वावरलेले होते, आणि बोर यांनीच त्यांना बळ दिलं. कवचांचा हिशोब मात्र आजही शाळेत तोच शिकवतात.

घरात पोरगं 2, 8, 8, 1 पाठ करताना दिसलं तर त्याला पोटॅशची गोणी दाखवा. पाठांतराची गरज उरणार नाही.